बालकांची मुखदुर्गंधी : एक दुर्लक्षित लक्षण

संपादक मंडळाने यंदा लेख मागितला, तेव्हा विषयाची निवड माझ्यावर सोपविली होती. 'लहान मुलांच्या तोंडाची दुर्गंधी' असे मी सांगताच दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला क्षणभर शांतता पसरली. हृदयाच्या झडपा, गुडघ्यांचे प्रत्यारोपण, कर्करोगाची नवी औषधे अशा भारदस्त लेखांच्या पंक्तीत हा पाहुणा थोडा अवघडणारच. तथापि गेली तीसहून अधिक वर्षे भोपाळात बालरुग्ण तपासताना या लक्षणाने मला जितके शिकविले, आणि एकदा जितके लज्जित केले, तितके फार थोड्या लक्षणांनी केले असेल. म्हणून हा आग्रह.

ही तक्रार घेऊन मुद्दाम कोणी येत नाही. खोकला दाखवून होतो, लसीची तारीख लिहून होते, आई मुलाला कडेवर घेऊन दारापर्यंत जाते आणि तेथून मागे वळून हलक्या आवाजात म्हणते, "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं. याच्या तोंडाला फार वास येतो हो." मूल जरा मोठे असेल तर तिचा आवाज आणखी खाली जातो. मुले मात्र हिंदीत स्पष्टच सांगतात, "अंकल, सब बोलते हैं मेरे मुँह से बास आती है." मराठीतला वास चांगला असू शकतो आणि वाईटही; मोगऱ्यालाही वासच असतो. हिंदीतल्या 'बास'ला ती मुभा नाही. १९५६ साली नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि नागपूरच्या कार्यालयांबरोबर कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली. त्यांची तिसरी, क्वचित चौथी पिढी आता माझ्याकडे येते. या मुलांचे मराठी आजीशी आणि गणेशोत्सवात. दुखणे मात्र ती हिंदीत सांगतात.

सकाळी उठल्यावर थोडा वास सर्वांच्याच तोंडाला येतो, नातू असो की आजोबा. झोपेत लाळ अगदी कमी स्रवते. एरवी दिवसभर हीच लाळ अन्नकण धुऊन काढीत असते आणि जंतूंना आवरून धरीत असते. ती आटली, की जिभेच्या मुळाशी, दातांच्या फटींत आणि हिरड्यांच्या कडेला दडलेल्या, प्राणवायूविना जगणाऱ्या जंतूंना मोकळे रान मिळते. अन्नाचे कण, गळून पडलेल्या पेशी, नाकातून घशात उतरलेला शेंबूड यांतील प्रथिने ते फोडतात आणि त्यांतून गंधकयुक्त वायू बाहेर पडतात. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याचा वास, मिथाइल मरकॅप्टन म्हणजे नासलेल्या कोबीचा. कॅनडातील जोसेफ टोंझेटिच या संशोधकाने १९६० व ७० च्या दशकांत हे वायू मोजून दाखविले आणि तोंडाच्या वासाचा अभ्यास विज्ञानाच्या कक्षेत आणला. दात घासले, पाणी प्यायले, न्याहारी झाली, की हा सकाळचा वास जातो. त्याची चिंता नको. न्याहारीनंतरही जो टिकतो, दुपारी शाळेतून येतानाही जो बरोबर येतो, त्याला लक्षण म्हणावे.

अशा दहा मुलांपैकी आठ-नऊ मुलांत उगम तोंडातच सापडतो. आपल्याकडे हे पूर्वीच ठाऊक होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, सोने, चांदी, तांबे, कथील व पितळ यांच्या जिभल्यांचा उल्लेख आहे आणि जिभेच्या मुळाशी साचलेल्या मळाने दुर्गंधी येते, असे कारणही तेथेच दिले आहे. पाश्चात्त्य दंतवैद्यकाने जिभेच्या मागच्या भागाकडे बोट दाखविले ते फार नंतर. आपण काय केले? तांब्याची जिभली मोडीत काढली आणि मुलाच्या हाती कार्टूनचा ब्रश दिला. तो ब्रश दातांच्या पुढच्या सहा-आठ खिडक्या पुसतो आणि परत येतो.

तपासणीची एक सोपी रीत पालकांना सांगतो. मुलाला तोंड मिटून नाकाने श्वास सोडावयास सांगावे आणि तो हुंगावा. मग नाक हलकेच चिमटीत धरून तोंडाने श्वास सोडावयास सांगावे. वास केवळ तोंडाच्या श्वासाला असेल तर कारण दात, हिरड्या, जीभ किंवा घसा. केवळ नाकाच्या श्वासाला असेल तर कारण नाकात. दोहोंना सारखाच असेल, आणि तोंड पाहावे तर स्वच्छ असेल, तर मात्र मूल डॉक्टरांकडे न्यावे. अशा वेळी वास फुप्फुसांतून किंवा रक्तातून येत असू शकतो. ही परीक्षा खेळ म्हणून करावी. नाक मुरडून केली तर मूल पुढच्या वेळी तोंड उघडणार नाही.

आता दातांकडे वळतो. "दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की मला त्याची चीड येऊ लागली आहे. दुधाच्या दाढा साधारण दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. तिसऱ्या वर्षी किडलेली दाढ म्हणजे सात-आठ वर्षांचे दुखणे, चावता न येणे, रात्रीचे रडणे आणि वजन न वाढणे. दोन दाढांमधल्या किडीत अडकलेला पोळीचा किंवा बिस्किटाचा लगदा तेथेच कुजतो, त्याला ब्रश पोहोचत नाही. या किडीचे सर्वांत मोठे कारण रात्रीची बाटली. साखर घातलेले दूध तोंडात घेऊन बाळ झोपते, लाळ थांबलेली असते आणि वरचे पुढचे दात रात्रभर त्या दुधात भिजतात. प्रथम हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसतो. त्या अवस्थेत फ्लोराइडने दात वाचविता येतो. पुढे तपकिरी, मग काळा. अशी मुले आणली जातात तेव्हा आई म्हणते, "याच्या बाबांचेही दात असेच होते." बाबांचे दात असे होते, कारण बाबांनाही बाटली होती!

बाटली पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास सोडवावी आणि दीड वर्षापलीकडे तर नेऊच नये. पहिला दात दिसला, की घासणे सुरू करावे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली दिसते ती पेस्ट विकण्याची रीत आहे. घासण्याचे काम सात-आठ वर्षांपर्यंत आईबापांनी करावे. ज्याला स्वतःच्या बुटाची नाडी नीट बांधता येत नाही, त्याला मागची दाढ घासता येत नाही. रात्री घासल्यानंतर पाण्याखेरीज काही नाही. केसर-बदामाचे दूध असले तरी नाही. जीभ ओल्या मऊ फडक्याने किंवा मऊ ब्रशने मागून पुढे दोन-तीनदा हलकेच पुसावी. धातूच्या पट्टीने खरवडून रक्त काढू नये.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. जुना दात पडून ती येत नाही, म्हणून तिचे आगमन कोणाच्या लक्षातच येत नाही. ती कायमची असते. माझ्या पाहण्यात सर्वांत अधिक हेळसांड याच दाढेची होते. मुलाला पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दंतवैद्याला दाखवावे, ही आजची शिफारस ऐकून आजोबा मंडळी हसतात. हसावे, पण न्यावे. आता सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे औषध कापसाच्या बोळ्याने लावून लहान मुलांची कीड, यंत्र न फिरविता, थांबविता येते. दात काळा पडतो एवढीच त्याची किंमत.

आमच्या लहानपणी जेवून उठल्यावर खळखळून चूळ भरल्याशिवाय घरात वावरता येत नसे. उष्ट्या तोंडाने देवघरात जाणे तर दूरच. आजीच्या त्या दटावणीत सोवळे-ओवळे होते, हे खरे. पण दातांचे भले त्यात आपोआप होत होते. आता शाळेत डबा खाऊन मुले थेट वर्गात जातात. शिक्षक मंडळींपैकी कोणी हा लेख वाचत असेल तर मधल्या सुटीनंतर दोन चुळांची सवय लावावी, अशी विनंती आहे.

पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हे कारण माझ्या चिकित्सालयात नेहमी दिसते आणि पुस्तकात त्याला एक ओळ असते. एप्रिल-मे महिन्यांत भोपाळचा पारा चाळिशी ओलांडतो. मूल सकाळी भरलेली बाटली घेऊन जाते आणि दुपारी जवळपास भरलेलीच परत आणते. आई म्हणते, तहानच लागत नाही याला. मुलींना एकटीने विचारले, की खरे उत्तर मिळते: शाळेतील स्वच्छतागृह अस्वच्छ असते, कडी लागत नाही, म्हणून लघवीला जावे लागू नये यासाठी पाणीच प्यायचे नाही. या मुलींना मुखदुर्गंधी असते, बद्धकोष्ठ असतो आणि अनेकींना लघवीचा जंतुसंसर्गही होतो. आई तोंडाच्या वासासाठी मला औषध मागते. औषध शाळेच्या स्वच्छतागृहाच्या कडीत आहे. दोन शाळांना मी पत्रे लिहिली. एकीने कड्या बसविल्या. दुसरीचे उत्तर अद्याप यावयाचे आहे.

तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांचेही असेच. नाकामागील ॲडेनॉइडची गाठ वाढली, की मूल तोंड उघडे ठेवून झोपते, घोरते, उशीवर लाळ सांडते आणि सकाळी त्याचे तोंड वाळवंटासारखे कोरडे असते. जुनाट सर्दी, ॲलर्जी, सायनसचा दाह यांत शेंबूड मागच्या मागे घशात उतरतो आणि जिभेच्या मुळावर साचतो. येथे ब्रश बदलून काही होत नाही; नाक मोकळे करावे लागते. घोरता घोरता मुलाचा श्वास क्षणभर थांबत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये.

नाकाचीच आणखी एक गोष्ट. तीन वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली, तेव्हा तिला तीन आठवडे वास येत होता. तोंडाचा म्हणून आणले होते. त्यापूर्वी दोन ठिकाणी सर्दीचे औषध झाले होते, प्रतिजैविकही झाले होते. खोलीत ती शिरली आणि माझ्या परिचारिकेने खिडकी उघडली, इतका तो वास तीव्र होता. शेंबूड मात्र एकाच, उजव्या नाकपुडीतून येत होता. या एका खुणेपाशी डॉक्टरांनी थांबावे: एका बाजूचा, दुर्गंधीयुक्त स्राव म्हणजे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, नाकात काहीतरी अडकले आहे. तिच्या नाकातून सोफ्याच्या गादीतला स्पंजाचा तुकडा निघाला. दुसऱ्या दिवशी वास नाहीसा. हरभरा, चिंचोका, फ्रॉकचा मणी, खोडरबर, कागदाचा बोळा, मुले काहीही घालतात आणि सांगत नाहीत. घरी चिमटा घालू नये, वस्तू आत सरकते. घड्याळातील चपटी बटण-बॅटरी गेल्याची शंका असेल तर नाकात थेंब न टाकता त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. काही तासांत ती नाकाचा पडदा जाळते. शेंगदाण्यासारखी वस्तू नाकाऐवजी श्वासनलिकेत उतरली आणि लक्षात आली नाही, तर महिन्या-दोन महिन्यांनी जुनाट खोकल्याबरोबर श्वासालाच कुजका वास येऊ लागतो. ती कथा अधिक गंभीर असते.

सहा महिने ते पाच वर्षे या वयात तीव्र ताप, लाल सुजलेल्या व रक्ताळणाऱ्या हिरड्या, तोंडभर बारीक फोड, लाळ गळणे, खाण्यास साफ नकार आणि जबरदस्त दुर्गंधी असे चित्र दिसले, की तो बहुधा नागीण-वर्गातील हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचा पहिला संसर्ग असतो. दहा ते चौदा दिवसांत तो आपोआप बरा होतो. पहिल्या तीन दिवसांत मूल आले तर असायक्लोव्हिरने त्रास कमी होतो. प्रतिजैविकांचा उपयोग नाही. थंड ताक, नारळपाणी, वेदनाशामक आणि धीर. येथे घरोघरी टाकणखाराची लाही मधात खलून लावण्याची चाल अजून आहे. माझ्याही तोंडात आजीने ती लावली होती. तरी स्पष्ट लिहितो: टाकणखार पोटात जाऊन बाळांना विषबाधा होते, तो व मध लावलेली चोखणी दिलेल्या तान्ह्या मुलांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. एका वर्षाखाली मधही नको, बोटुलिझमच्या भीतीमुळे. बाजारातील सॅलिसिलेटयुक्त किंवा बेंझोकेनयुक्त जेल लहान बाळांच्या हिरड्यांना चोळणे हेही तितकेच धोक्याचे. आमच्या व्यवसायबंधूंपैकी काहीजण आजही ती लिहून देतात, म्हणून हे डॉक्टरांच्या स्मरणिकेत लिहीत आहे.

घशाचे पाहू जाता टॉन्सिलचा पू आणि ज्वर ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. घटसर्प मात्र नव्या पिढीच्या डॉक्टरांनी पुस्तकातच पाहिलेला असतो. करडा, चिकट पडदा, सुजलेली मान आणि एक विशिष्ट गोडसर कुजका वास. हमीदिया रुग्णालयात शिकत असताना आमचे एक प्राध्यापक वॉर्डाच्या दारातच थांबून हवा हुंगीत आणि म्हणत, "घटसर्प आत आहे." आम्ही त्यांची नक्कल करून हसत असू. आपल्या देशातून तो रोग गेलेला नाही. दीड वर्षाची आणि पाच वर्षांची बूस्टर लस चुकविलेली मुले, सुशिक्षित घरांतलीही, मला आजही भेटतात.

"पोटात जंत आहेत" आणि "पोट साफ होत नाही" ही आपल्या घरांतील दोन आवडती निदाने. जंतांचे औषध मुलांना द्यावेच. २०१५ पासून शासनही जंतनाशक दिन पाळून ते देते. पण जंतांनी तोंडाला वास येतो, याला आधार नाही. बद्धकोष्ठाचेही तसेच, तो आणि मुखदुर्गंधी एकत्र दिसतात, कारण दोहोंचे मूळ पुष्कळदा कमी पाण्यात व बिस्किटांच्या आहारात असते. पोट आणि तोंड यांच्यामध्ये अन्ननलिकेचे दार बहुतांश काळ बंद असते. वारंवार उलटी होणाऱ्या, छातीत जळजळ सांगणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी.

वास लपविण्याचे उपाय तर विचारूच नयेत. 'हॅलिटोसिस' हा भारदस्त शब्द घरोघरी पोहोचविला तो डॉक्टरांनी नव्हे, १९२० च्या दशकातील लिस्टरीनच्या अमेरिकन जाहिरातींनी. सहा वर्षांखालील मूल गुळण्यांचे औषध गिळून टाकते. ते त्याच्यासाठी नाही. जेवणानंतर बडीशेप चघळण्यास हरकत नाही, पण चार वर्षांखाली नको. ठसका लागून ती श्वासनलिकेत जाऊ शकते. गोड सुपारीची पाकिटे मात्र मुलांच्या हाती देऊच नयेत. लग्नाच्या पंगतीतून उठताना आपणच ती नातवंडांच्या मुठीत कोंबतो. सुपारीनेच तोंड उघडेनासे होण्याचा विकार सुरू होतो, आणि गुटख्याची वाट तेथूनच फुटते. मध्यप्रदेशाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, देशात सर्वप्रथम. सुपारी व तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत शेजारी शेजारी लटकत राहिली. दात स्वच्छ राहावेत म्हणून नातवंडाच्या हिरड्यांना मिश्री लावणाऱ्या आज्या विदर्भात आणि कोकणातच असतात असे नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ पासून कायद्याने मनाई आहे, पण घरच्या तव्यावर कायदा पोहोचत नाही.

आता ज्या घटनेमुळे हा लेख लिहावासा वाटला, ती सांगतो. २०२१ चा पावसाळा होता. दुसऱ्या लाटेने आम्हा सर्वांना थकवून टाकले होते. चेहऱ्यावर दोन मास्क, वर पारदर्शक ढाल, आणि येणारे प्रत्येक मूल प्रथम कोविडचे. चार वर्षांचा एक मुलगा आजीबरोबर आला. आईवडील दोघेही बाधित होऊन नुकतेच उठले होते. दोन दिवस उलट्या, पोटात दुखणे, आणि श्वास भराभर. छाती तपासली, आवाज स्वच्छ होते. ऑक्सिजन ९८. मी उलटीचे औषध लिहिले, कोविडची चाचणी लिहिली आणि क्ष-किरण काढून उद्या या, असे सांगितले.

आजी उठल्या नाहीत. नागपूरकडच्या, नऊवारीतल्या, बोलायला मोजक्या. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, रागावू नका. याच्या तोंडाला पिकलेल्या जामाचा वास येतोय. जाम घरात नाही." नागपूरकडे आणि येथेही पेरूला जाम म्हणतात. मी विचारले, कधीपासून? "चार दिवस झाले. त्याआधी पंधरा दिवस रात्री उठून पाणी मागतो. अंथरूण ओलं करतो, दोन वर्षांत केलं नव्हतं. सुनेला म्हटलं, तर ती म्हणाली, घाबरलाय."

मी ढाल काढली, दोन्ही मास्क खाली केले आणि त्या मुलाच्या तोंडाजवळ वाकलो. मला काही कळायच्या आत माझ्या नाकाने निदान केले होते. बोटाच्या थेंबावर साखर ४८६. लघवीत कीटोन चार अधिक. पहिल्या प्रकारचा मधुमेह, आणि तोही कीटोॲसिडोसिसच्या अवस्थेत. ते भराभर चाललेले श्वास फुप्फुसांच्या दुखण्याचे नव्हते. रक्तातील आम्ल बाहेर टाकण्याची शरीराची ती धडपड होती. 'उद्या' पर्यंत ते मूल शुद्धीवर राहिले असते की नाही, हे मी सांगू शकत नाही. त्याच तासाला त्याला अतिदक्षता विभागात हलविले.

इन्सुलिनअभावी शरीर साखर वापरू शकत नाही, चरबी जाळते आणि त्यातून निर्माण होणारे एसिटोन श्वासावाटे बाहेर पडते. तोच तो अतिपक्व फळाचा किंवा नखपॉलिश काढण्याच्या द्रवाचा वास. टोरांटोत १९२१ साली इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. त्यापूर्वी हा वास म्हणजे मृत्यूची वर्दी असे. उपाशी राहिलेल्या किंवा उलट्यांनी गळालेल्या मुलालाही सौम्य एसिटोनचा वास येतो, हे मान्य. आणि सर्वांच्याच नाकाला तो जाणवतो असेही नाही. म्हणूनच नाकावर विसंबून राहू नये, पण नाकाने इशारा दिला तर थेंबभर रक्त तपासण्यास एक मिनिट लागते. तहान, वारंवार लघवी, सुटलेले अंथरूण पुन्हा ओले होणे, घटणारे वजन, लघवीला लागणाऱ्या मुंग्या, यांपैकी एकही गोष्ट फळासारख्या वासाबरोबर असेल तर सकाळची वाट पाहू नये. मूत्रपिंडे निकामी होत असताना येणारा अमोनियाचा वास, यकृताच्या शेवटच्या आजारातील खारवट-गोड वास, हे आम्हा डॉक्टरांच्या परीक्षेचे प्रश्न. पालकांनी त्यांच्या शोधात झोप घालवू नये. जामाचा वास मात्र त्यांनी ध्यानात ठेवावा.

मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. मी आजींना इतिहास विचारलाच नव्हता. त्या केवळ मुलाला घेऊन आल्या आहेत, माहिती आई देईल, असे मी गृहीत धरले होते.

आठव्या दिवशी मुलगा घरी गेला. पुढे शाळेत त्याच्या वर्गशिक्षिकेला साखर कमी झाल्याची लक्षणे समजावून देण्यासाठी मी स्वतः गेलो होतो. त्याच्या दप्तरात ग्लुकोजची पुडी असते आणि बाकावरच्या मित्रालाही ती कोठे आहे हे ठाऊक आहे. आता तो आपल्या बोटाला सुई स्वतः टोचतो आणि आकडा हिंदीत मोठ्याने वाचतो. आजी दर तीन महिन्यांनी बरोबर येतात. थंडीत पेरूचा हंगाम आला, की पिशवीतून दोन पेरू काढून माझ्या टेबलावर ठेवतात. त्यातला एक तो मुलगा, इन्सुलिनचा हिशेब करून, तेथेच खातो.